भौतिकशास्त्राच्या पदवीचं नियोजन: शेवटच्या वर्षापासून मागे येत

भौतिकशास्त्राची पदवी घ्यायची ठरली की विद्यार्थी पहिल्या सत्राचं वेळापत्रक हातात घेतात आणि तिथून पुढे जमेल तसं जात राहतात. माझं सांगणं असं, की आधी शेवटच्या वर्षाचा अभ्यासक्रम उघडा. क्वांटम मेकॅनिक्स, इलेक्ट्रोडायनॅमिक्स आणि स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स हे तीन पेपर जवळपास प्रत्येक विद्यापीठात उत्तरार्धात असतात आणि पदवीचा खरा कस तिथे लागतो. या तिघांसाठी आधी काय काय यायला हवं हे कागदावर मांडलंत, की पहिल्या सत्रापासूनची वाट दिसू लागते.

याचं कारण विषयाच्या बांधणीत आहे. बऱ्याच विषयांत एखादा पेपर कच्चा राहिला तरी पुढचा वाचता येतो. इथे ते जमत नाही. दुसऱ्या वर्षात विद्युतचुंबकत्व डोक्यावरून गेलं असं म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं मूळ दुखणं व्हेक्टर कॅल्क्युलसमध्ये असतं, आणि ते कच्चं राहतं कारण पहिल्या वर्षी इंटिग्रेशन घाईत उरकलेलं असतं. गणित जिथे वापरायचं त्याच्या किमान एक सत्र आधी ते हातात बसलेलं असावं. हा एक नियम पाळला तरी नियोजनाचं अर्धं काम होतं.

उलटा नकाशा काढा

एक मोठा कागद घ्या. वरच्या ओळीत शेवटच्या वर्षाचे पेपर लिहा आणि प्रत्येकाखाली त्याच्या गरजा लिहीत खाली या.

क्वांटम मेकॅनिक्सला लिनिअर अल्जिब्रा लागतं, त्यातही आयगेनव्हॅल्यू आणि हर्मिशियन मॅट्रिक्स म्हणजे काय हे पक्कं माहीत असावं लागतं. शिवाय संमिश्र संख्या, फूरिए विश्लेषण, पार्शल डिफरन्शिअल इक्वेशनमध्ये चलं वेगळी करण्याची रीत, तरंगांचा एक नीट झालेला पेपर आणि शक्यतो हॅमिल्टनच्या मांडणीची, म्हणजे ऊर्जेच्या भाषेत लिहिलेल्या मेकॅनिक्सची ओळख. इलेक्ट्रोडायनॅमिक्सला ग्रेडियंट, डायव्हर्जन्स आणि कर्ल लागतात. गॉस आणि स्टोक्स यांची प्रमेयं पाठ असून भागत नाही, ती एखाद्या पृष्ठभागावर प्रत्यक्ष लावता आली पाहिजेत. स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्सला उष्मागतिकी, संभाव्यता, मोजणीची गणितं आणि थोडं क्वांटम हवं. डब्यात कोंडलेल्या कणाच्या ऊर्जापातळ्या माहीत नसतील तर वायूच्या अवस्था मोजायच्या कशा, हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात अडवतो.

नकाशा पूर्ण झाला की आपल्या विभागाच्या पूर्वअटींच्या यादीशी तो ताडून पाहा. इथे एक गोष्ट लक्षात येईल. विभागाने लिहिलेली पूर्वअट ही किमान अट असते. 'विद्युतचुंबकत्वासोबत व्हेक्टर कॅल्क्युलस घेता येईल' असं नियमात असलं, तरी गॉसचा नियम तिसऱ्या आठवड्यात येतो आणि डायव्हर्जन्स गणिताच्या वर्गात बाराव्या आठवड्यात. परवानगी आहे म्हणून दोन्ही सोबत घेऊ नका. निवडीला वावच नसेल, तर सत्र सुरू होण्याआधीच्या सुट्टीत व्हेक्टर कॅल्क्युलसची पहिली तीन-चार प्रकरणं स्वतः करून ठेवा.

काही देशांत पदवी तीन वर्षांची असते, काही ठिकाणी चार. तीन वर्षांच्या पदवीत गणिताला उसंत कमी मिळते, एवढाच फरक धरा. नकाशा तोच राहतो.

प्रवेशाआधीची एक चाचणी

आपली तयारी कुठवर आहे हे पाहायला एक गणित देतो. धुक्यातला बारीक थेंब हवेतून खाली येतोय. त्यावर गुरुत्वबल खाली आणि वेगाच्या समप्रमाणात असलेला हवेचा अवरोध वर. थेंब स्थिर अवस्थेतून सुटला असेल तर कोणत्याही क्षणी त्याचा वेग किती?

न्यूटनचा दुसरा नियम लिहायचा, वेग आणि काळ समीकरणाच्या दोन बाजूंना वेगळे करायचे, दोन्हीकडे इंटिग्रेशन करायचं, सुरुवातीची अट घालायची. उत्तरात घातांकी फल येतं आणि बराच काळ गेल्यावर वेग एका ठरावीक किमतीवर स्थिरावतो. ती किंमत म्हणजे वजन भागिले अवरोधाचा स्थिरांक. हे सगळं पुस्तक न उघडता अर्ध्या तासात जमलं तर तुम्ही पहिल्या सत्रासाठी तयार आहात. गणित सुटलं, पण काळ शून्य आणि काळ अनंत ठेवून उत्तर तपासायचं सुचलं नाही, तर ती सवय आतापासून लावा. पुढची सगळी वर्षं ती उपयोगी पडते. गणित सुटलंच नाही तर प्रवेशाआधीचे महिने कॅल्क्युलसला द्या. क्वांटम किंवा कृष्णविवरं यांवरचं लोकप्रिय वाचन कुतूहल जागं ठेवतं, ते जरूर करा, पण त्याला तयारी समजू नका.

पहिलं वर्ष: कमी विषय, भरपूर गणितं

पहिल्या सत्रात मेकॅनिक्स आणि कॅल्क्युलस ही जोडी हवीच. तिसरा पेपर हलका घ्या. न्यूटनचे नियम शाळेतच झालेत असं वाटून मेकॅनिक्सकडे दुर्लक्ष होतं. पण मुक्तवस्तू आकृती काढणं, संदर्भचौकट निवडणं, कोनीय संवेग कोणत्या बिंदूभोवती मोजायचा ते ठरवणं, ही कौशल्यं इथेच घडतात आणि नंतर ती शिकवायला कोणी थांबत नाही.

दुसऱ्या सत्रात अनेक चलांचं आणि व्हेक्टर कॅल्क्युलस घ्या. लिनिअर अल्जिब्रा त्याच सत्रात बसत असेल तर उत्तम, नाहीतर तिसऱ्यात. बरेच विद्यार्थी लिनिअर अल्जिब्रा 'केव्हातरी करू' म्हणत शेवटाकडे ढकलतात. माझ्या मते संपूर्ण नियोजनात सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच. गणित विभागाचा, सिद्धता मागणारा लिनिअर अल्जिब्राचा पेपर घेता आला तर तो घ्या. मॅट्रिक्सचे गुणाकार करणं वेगळं आणि सदिश अवकाश म्हणजे काय हे समजणं वेगळं. क्वांटमला दुसरं लागतं. रिअल अ‍ॅनालिसिस मात्र पहिल्या वर्षी नको. सैद्धांतिक भौतिकशास्त्राची ओढ असेल तर तो तिसऱ्या वर्षी वैकल्पिक म्हणून घ्या, तेव्हा तो जास्त भावेल.

याच वर्षी मिती विश्लेषणाचा, म्हणजे राशींच्या एककांचा मेळ घालून सूत्राचा अंदाज बांधण्याचा सराव करा. त्याची ताकद दाखवणारं एक उदाहरण इतिहासातच आहे. १९४५ साली झालेल्या पहिल्या अणुस्फोटाची छायाचित्रं नंतर प्रसिद्ध झाली. त्यांवर काळ आणि अंतराचं माप छापलेलं होतं. जी. आय. टेलर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात त्या आकड्यांवरून स्फोटाची ऊर्जा काढली. मितींचा मेळ घातला तर ऊर्जा साधारण हवेची घनता गुणिले आगीच्या गोळ्याच्या त्रिज्येचा पाचवा घात भागिले काळाचा वर्ग एवढी येते. ०.०२५ सेकंदाला त्रिज्या सुमारे १४० मीटर होती. घनता १.२ किलोग्रॅम प्रति घनमीटर धरून आकडे घाला, सुमारे १०¹⁴ ज्यूल, म्हणजे एकावर चौदा शून्यं एवढे ज्यूल मिळतात. टीएनटी या स्फोटकाच्या भाषेत वीस-पंचवीस किलोटन. एका छायाचित्रावरून, पाच मिनिटांत, खऱ्या आकड्याच्या जवळ. अशी अंदाजाची गणितं आठवड्याला एक तरी करत जा.

दुसरं वर्ष: एकच दोलक पुन्हापुन्हा

दुसऱ्या वर्षात सहसा दोलनं आणि तरंग, विद्युतचुंबकत्व, उष्मागतिकी आणि आधुनिक भौतिकशास्त्र असे चार मोठे विषय येतात. क्रम निवडायचं स्वातंत्र्य असेल तर दोलनं आणि तरंग सर्वांत आधी घ्या. त्याचं कारण सविस्तर सांगतो, कारण हा पेपर सोपा म्हणून दुर्लक्षित राहतो आणि पुढच्या निम्म्या अभ्यासक्रमाची किल्ली त्यातच आहे.

दोन सारख्या वस्तुमानाचे ठोकळे घ्या. डावीकडची भिंत, पहिला ठोकळा, दुसरा ठोकळा आणि उजवीकडची भिंत यांना तीन सारख्या स्प्रिंगांनी जोडा. एक ठोकळा ओढून सोडला तर दिसणारी हालचाल गोंधळाची असते. पण समीकरणं मॅट्रिक्सच्या रूपात लिहिली की कळतं, त्या गोंधळात दोनच शुद्ध चाली दडलेल्या आहेत. एकीत दोन्ही ठोकळे सोबत एकाच दिशेने हलतात, मधली स्प्रिंग ताणलीच जात नाही. दुसरीत ते परस्परविरुद्ध हलतात आणि वारंवारता पहिलीच्या वर्गमूळ तीन पट, म्हणजे सुमारे १.७३ पट असते. या दोन चाली म्हणजे त्या मॅट्रिक्सचे आयगेनव्हेक्टर, आणि वारंवारतांचे वर्ग म्हणजे आयगेनव्हॅल्यू.

हे गणित स्वतःच्या हाताने एकदा शेवटपर्यंत केलंत, की पुढे काय काय ओळखीचं होतं ते पाहा. ठोकळ्यांची संख्या वाढवत नेली की ताणलेल्या तारेवरचे तरंग मिळतात. स्प्रिंगच्या जागी कपॅसिटर आणि ठोकळ्याच्या जागी कॉइल ठेवली तर तेच समीकरण विद्युतमंडलाचं होतं. घन पदार्थातले अणू हे स्वतंत्र दोलक आहेत असं मानून आइनस्टाइनने १९०७ मध्ये आणि ते असेच एकमेकांना जोडलेले आहेत हे धरून, अधिक नेमकेपणाने, डिबायने १९१२ मध्ये, थंडीत विशिष्ट उष्मा का घटते याचं स्पष्टीकरण दिलं. क्वांटम मेकॅनिक्समध्ये दोलकाच्या ऊर्जापातळ्या समान अंतरावर असतात आणि सर्वांत खालची पातळीही शून्य नसते. शेवटच्या वर्षी 'फोनॉन', म्हणजे घन पदार्थातल्या कंपनांचा ऊर्जापुंज, भेटतो तेव्हा ज्यांनी ही दोन ठोकळ्यांची मांडणी मनापासून केलेली असते, त्यांना फार नवं शिकावं लागत नाही.

विद्युतचुंबकत्वात घाई नको. मॅक्सवेलने आपल्या समीकरणांतून प्रकाश हा विद्युतचुंबकीय तरंग आहे हे मांडणारा निबंध १८६५ मध्ये प्रसिद्ध केला. हा निष्कर्ष स्वतः, चार समीकरणांपासून सुरू करून, कोऱ्या कागदावर काढता आला की पेपर समजला असं खुशाल माना. उष्मागतिकीत अडचण वेगळी असते. गणित सोपं, पण कोणती राशी स्थिर धरून बदल मोजतोय याचा विसर पडतो. प्रत्येक पार्शल डेरिव्हेटिव्हशेजारी स्थिर राशी लिहायची शिस्त ठेवा.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी लग्रांजच्या मांडणीचा, म्हणजे वरच्या पातळीच्या क्लासिकल मेकॅनिक्सचा पेपर येतो. काही ठिकाणी तो ऐच्छिक असतो. सोडू नका. एमी नोएथरने १९१८ मध्ये दाखवलेलं सममिती आणि अक्षय्यता यांचं नातं इथे पहिल्यांदा समोर येतं. ऊर्जा अक्षय्य का, तर निसर्गाचे नियम काळानुसार बदलत नाहीत म्हणून. हे कळल्यावर आधीची दोन वर्षं नव्या उजेडात दिसतात.

प्रयोगशाळा: श्रेयांक कमी, वेळ जास्त

वेळापत्रकात प्रयोगशाळेचे एक-दोन श्रेयांक दिसतात आणि विद्यार्थी फसतात. प्रत्यक्षात तीन तासांच्या प्रयोगानंतर आकडेमोड, आलेख आणि अहवालाला तेवढाच किंवा जास्त वेळ लागतो. एका सत्रात दोन प्रयोगशाळा आल्या तर लेखी पेपरांची संख्या एकाने कमी करा.

प्रयोगशाळेतून पदवीभर पुरेल अशी एकच गोष्ट उचलायची असेल तर ती त्रुटीचा विचार. लंबकाचा साधा प्रयोग घ्या. एक मीटर लांबीच्या लंबकाचा आवर्तकाल सुमारे दोन सेकंद. गुरुत्वत्वरणाच्या सूत्रात आवर्तकालाचा वर्ग येतो, म्हणून आवर्तकालातली टक्केवारीची त्रुटी उत्तरात दुप्पट होते. घड्याळाचं बटण दाबण्यात ०.२ सेकंद इकडेतिकडे झाले आणि तुम्ही एकच दोलन मोजलंत, तर आवर्तकालात १० टक्के आणि उत्तरात २० टक्के त्रुटी. सलग २० दोलनं मोजलीत तर तीच ०.२ सेकंदांची चूक ४० सेकंदांत विरते: आवर्तकालात अर्धा टक्का, उत्तरात एक टक्का. आता लांबी मिलिमीटरपर्यंत मोजली तर तिची त्रुटी ०.१ टक्का आहे. म्हणजे आणखी बारीक मोजपट्टी आणून काहीही साधणार नाही. सुधारणा करायचीच तर दोलनांची संख्या वाढवावी. प्रयोग सुरू करण्याआधी पाच मिनिटं असा हिशेब करणारा विद्यार्थी कोणत्याही प्रयोगशाळेला हवा असतो.

पण सगळ्या चुका मोजमापं वाढवून कमी होत नाहीत. मिलिकनने तेलाच्या थेंबांच्या प्रयोगातून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार अतिशय चिकाटीने मोजला. तरी त्याचा १९१३ चा आकडा आजच्या किमतीपेक्षा सुमारे ०.६ टक्के कमी आला, कारण हिशेबात घेतलेली हवेच्या श्यानतेची (चिकटपणाची) किंमतच थोडी चुकीची होती. हजार थेंब मोजले असते तरी ती चूक तशीच राहिली असती. आपल्या प्रयोगात बाहेरून घेतलेला कोणता आकडा आपण न तपासता मानतोय, हे अहवालात एका वाक्यात लिहायची सवय ठेवा.

नोंदवही पेनने लिहा, पानावर तारीख घाला, चुकलेलं वाचन एका रेघेने खोडा, पण वाचता येईल असं राहू द्या. इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा ऐच्छिक असेल तर घ्या. पुढे जे कोणतं उपकरण हाताळाल, त्यात अ‍ॅम्प्लिफायर आणि फिल्टर असणारच.

संगणक पहिल्या वर्षापासून

प्रोग्रॅमिंग तिसऱ्या वर्षासाठी राखून ठेवू नका. पायथॉन शिका, त्यातलं आकडेमोडीचं नमपाय आणि आलेख काढायचं मॅटप्लॉटलिब एवढं सुरुवातीला पुरतं. शिकण्याची पद्धत अशी ठेवा की हाताने सुटणारा प्रश्न आधी हाताने सोडवायचा आणि मग तोच संगणकाकडून सोडवून उत्तरं जुळवायची.

यासाठी दोलकच घ्या. छोट्या काळाच्या पायरीने स्थान आणि वेग पुढे नेण्याची ऑयलरची साधी रीत वापरून त्याची गती काढा आणि ऊर्जेचा आलेख बघा. ऊर्जा सतत वाढताना दिसेल. प्रोग्रॅममध्ये चूक नाही. त्या रीतीत प्रत्येक पायरीला ऊर्जा थोडी वाढतेच. आता एकच ओळ बदला: आधी वेग नवा काढा आणि स्थान पुढे नेताना तो नवा वेग वापरा. ऊर्जा एका किमतीभोवती किंचित हेलकावत राहते, वाहवत जात नाही. एका ओळीच्या या फरकातून संख्यात्मक रीतींबद्दल जे कळतं ते कित्येक व्याख्यानांतून कळत नाही.

लॅटेक (समीकरणांसह मजकूर मांडायचं साधन), गिट (प्रोग्रॅमच्या आवृत्त्या जपायचं साधन) आणि लिनक्सची कमांड लाइन यांना वेगळा पेपर लागत नाही. प्रयोगाचा एक अहवाल लॅटेकमध्ये लिहा, एक प्रोग्रॅम गिटवर ठेवा, एवढ्याने सुरुवात होते.

आठवड्याचा हिशेब

सत्राची आखणी पेपरांच्या नावांनी करू नका, तासांनी करा. गणितं सोडवायला लावणाऱ्या प्रत्येक पेपरला वर्गाबाहेर आठवड्याला सहा ते नऊ तास धरा. असे तीन पेपर आणि एक प्रयोगशाळा झाली की आठवडा भरला. चौथा जड पेपर घेतला तर तो उरलेल्या तिघांच्या वेळेतून खातो. नोकरी करून शिकत असाल तर दोनच जड पेपर घ्या आणि पदवी एक सत्र लांबली तर लांबू द्या. घाईत मिळवलेल्या काठावरच्या गुणांपेक्षा ते सत्र स्वस्त पडतं.

त्या तासांत काय करायचं? गृहपाठाचं प्रत्येक गणित आधी एकट्याने, किमान पाऊण तास. अडलात तर नेमकं कुठे अडलं ते एका वाक्यात लिहा. मग मित्रमैत्रिणींशी बोला, मग शिक्षकांकडे जा. ते एक वाक्य लिहिलेलं असलं की शिक्षकांना मदत करणं सोपं जातं. उत्तर मिळालं की दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर ते गणित पुन्हा करा. तयार उत्तरं आता हवी तेवढी मिळतात, कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनंही पायऱ्या लिहून देतात. प्रयत्न करून झाल्यावर पडताळ्यासाठी ती वापरा. प्रयत्नाआधी वापरलीत तर उत्तर वहीत येतं आणि परीक्षेच्या दिवशी हात रिकामा राहतो. दुसऱ्याचं उत्तर वाचून पटणं आणि स्वतःला ते सुचणं यांतलं अंतर या विषयात फार मोठं आहे.

क्वांटमच्या आधीची सुट्टी

क्वांटम मेकॅनिक्सचा पेपर घेण्याआधी तुमचे शिक्षक तो कुठून सुरू करतात हे विचारून घ्या. दोन वाटा आहेत आणि त्या विषयाच्या जन्मापासूनच्या आहेत. १९२५ मध्ये हायझेनबर्गच्या कामातून, बॉर्न आणि जॉर्डन यांच्या साथीने, मॅट्रिक्सची मांडणी आली. १९२६ मध्ये श्रोडिंगरने तरंग समीकरण दिलं आणि त्याच वर्षी दोन्ही एकच सांगतात हेही दाखवलं. काही अभ्यासक्रम तरंगफलापासून सुरू होतात: डब्यातला कण, विभवाची भिंत, मग दोलक, मग हायड्रोजन. त्यासाठी सुट्टीत डिफरन्शिअल इक्वेशन आणि फूरिए यांची उजळणी करा. काही अभ्यासक्रम १९२२ च्या स्टर्न–गेरलाख प्रयोगापासून, म्हणजे स्पिनपासून, कणाच्या अंगभूत कोनीय संवेगापासून सुरू होतात. तिथे पहिल्या दिवसापासून दोन बाय दोनच्या मॅट्रिक्स असतात. लिनिअर अल्जिब्रा ताजं करून जा. मला दुसरी वाट आवडते, कारण क्वांटमचं वेगळेपण त्यात गणिताच्या गर्दीआड लपत नाही. पण निवड बहुधा तुमच्या हातात नसते, तयारी मात्र असते.

इलेक्ट्रोडायनॅमिक्सचा वरचा पेपर आणि क्वांटमचा पहिला पेपर एकाच सत्रात आले तर त्यासोबत तिसरं काही जड घेऊ नका. स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स क्वांटमच्या नंतर. घनपदार्थ भौतिकी, अणुकेंद्रीय आणि कण भौतिकी, खगोल भौतिकी हे सगळे त्यानंतरचे. ते मागेपुढे करता येतात. गाडी रुळावरून घसरलीच, आजारपण आलं, एखादा पेपर राहिला, तर हेच लक्षात ठेवा: वैकल्पिक पेपर पुढे ढकला, पण मेकॅनिक्स, गणित आणि विद्युतचुंबकत्व यांतलं जे राहिलं असेल ते पहिल्या संधीला पूर्ण करा. त्यांच्यावाचून पुढचं दार उघडत नाही. पेपर झेपत नाही हे दिसलं तर तो सोडण्याची मुदत विद्यापीठ देतं. ती तारीख सत्राच्या पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.

संशोधनाची ओळख आणि पुढची दिशा

दुसरं वर्ष संपताना विभागातल्या दोन-तीन प्राध्यापकांच्या कामाबद्दल वाचा. सगळं समजणार नाही, समजायला हवंही नाही. मग एक छोटा ईमेल लिहा: कोणते पेपर झालेत, कोणती संगणकभाषा येते, त्यांच्या कामातला कोणता भाग वाचला आणि आठवड्याला किती तास देता येतील. 'मला भौतिकशास्त्राची खूप आवड आहे' हे वाक्य प्रत्येक ईमेलमध्ये असतं, त्यातून काही कळत नाही. उत्तर आलं नाही तर दहा दिवसांनी एकदा आठवण करा. पहिलं काम बहुधा आकडेवारी साफ करण्याचं किंवा उपकरण जुळवण्याचं असेल. ते मन लावून करा. संशोधनाचा मोठा भाग तोच असतो आणि तो आपल्याला रुचतो का हे कळण्याची ही एकच जागा आहे.

शाखा निवडताना विषयाच्या भव्यतेपेक्षा रोजच्या कामाकडे पाहा. कण भौतिकीत शेकडो जणांच्या गटात प्रोग्रॅम लिहिणं असतं, घनपदार्थाच्या प्रयोगशाळेत निर्वात पंप आणि अतिशीत तापमानं, सैद्धांतिक कामात आठवडेच्या आठवडे एकाच समीकरणाशी झुंज. कोणत्या प्रकारची मंगळवारची दुपार आपल्याला आवडेल, हा प्रश्न स्वतःला विचारा.

वैकल्पिक पेपर त्यानुसार ठरतात. संशोधनाकडे जायचं तर दुसरा क्वांटमचा पेपर आणि ग्रुप थिअरी, म्हणजे सममितीचं गणित. वैद्यकीय भौतिकीकडे ओढा असेल तर अणुकेंद्रीय भौतिकी, प्रारणाचे पेपर आणि शरीरशास्त्राची ओळख. आकडेवारीच्या क्षेत्रात नोकरी करायची तर संख्याशास्त्र आणि अल्गोरिदम. शिकवायचं असेल तर शिक्षणशास्त्राच्या अटी आधीच तपासा, त्यांचं स्वतःचं वेळापत्रक असतं. हवामानशास्त्राकडे वळायचं असेल तर द्रवगतिकी चुकवू नका. पुढच्या शिक्षणाच्या अर्जांना बऱ्याच ठिकाणी तीन शिफारसपत्रं लागतात. तुम्हाला नावाने आणि कामाने ओळखणारे तीन शिक्षक अर्जाच्या महिन्यात तयार होत नाहीत. त्यांच्या कार्यालयीन वेळेत प्रश्न घेऊन जाणं दुसऱ्या वर्षापासूनच सुरू करा.

शेवटच्या सत्रात प्रबंध असेल तर त्याच्यासोबत एकच जड पेपर ठेवा आणि लिहायला काम संपायच्या सहा आठवडे आधी बसा. आलेख काढताना राहून गेलेली मोजमापं तेव्हाच लक्षात येतात आणि ती घ्यायला वेळ उरतो. याच सत्रात आठवड्यातले दोन तास पहिल्या वर्षाच्या मेकॅनिक्सला द्या. प्रवेशाच्या मुलाखतीत हायड्रोजनच्या तरंगफलाआधी बरेचदा उतारावरून घरंगळणारा भरीव गोळा आणि कडं विचारतात: सोबत सोडले तर खाली आधी कोण पोहोचेल, आणि उत्तर वस्तुमानावर किंवा त्रिज्येवर का अवलंबून नाही. ते फळ्यावर उभं राहून, बोलत बोलत सोडवायचा सराव मित्रांसमोर करा.